सोनं वर, पण प्रवाह कुठे?

रेडिओ-फ्रिक्वेन्सीच्या भागांवरील मुलाम्याबद्दल आमची एक तक्रार आहे. कनेक्टर असो की सर्किट बोर्ड, ड्रॉइंगवर ‘गोल्ड प्लेटेड’ एवढंच लिहिलं की दर्जाचा प्रश्न मिटला, असं आपण धरून चालतो. हे वर्णन अर्धवट आहे, आणि नुकसान होतं ते न लिहिलेल्या अर्ध्या भागात.

फ्रिक्वेन्सी वाढते तसा प्रवाह धातूच्या पृष्ठभागालगत गोळा होतो. १ गिगाहर्ट्झला तांब्यातली ‘स्किन डेप्थ’ जेमतेम २ मायक्रोमीटर. आता बोर्डांवरचं नेहमीचं ‘एनिग’ फिनिश पाहा: तांब्यावर ३ ते ६ मायक्रोमीटर निकेल, त्यावर साधारण ०.०५ ते ०.१ मायक्रोमीटर सोनं. एवढ्याशा सोन्यात प्रवाह मावणार कसा? तो निकेलमध्ये उतरतो, आणि शुद्ध निकेलची वाहकतासुद्धा तांब्याच्या जेमतेम पाव. मायक्रोस्ट्रिपमध्ये बराच प्रवाह ट्रॅकच्या खालच्या बाजूने जातो, म्हणून तिथे फटका कमी. कोप्लेनर रेषेच्या कडांवर जास्त. म्हणजे दिसतं तसं नसतं.

निकेल तिथे उगाच नसतं, हेही मान्य केलं पाहिजे. ते नसेल तर तांबं हळूहळू सोन्यात झिरपतं. पण निकेल चुंबकीय असतं. मोबाइल टॉवरच्या कनेक्टरमध्ये दोन ताकदवान सिग्नल त्यातून गेले की त्यांच्या मिश्रणातून नवे सिग्नल जन्मतात; ते रिसीव्ह बँडमध्ये पडले, तर दूरच्या फोनचा क्षीण आवाज त्यात बुडतो. म्हणून अशा ठिकाणी चांदी, किंवा तांबं-कथील-जस्ताचा मिश्रधातू वापरतात.

चांदीवर आक्षेप ठरलेला: ‘काळी पडते हो!’ पडते. पण ती सल्फाइडची काजळी पातळ आणि कमी वाहक. प्रवाह मुख्यतः खालच्या चांदीतूनच वाहतो. टॉवरच्या कॅव्हिटी फिल्टरना आतून चांदी देतात ती उगाच नाही. कमी दाबाने टेकणाऱ्या संपर्काला मात्र हीच काजळी नडते. तिथे सोनं हवंच.

तेव्हा आमचा आग्रह सोन्याच्या विरोधात नाही, अर्धवट लिहिण्याच्या विरोधात आहे. ड्रॉइंगवर तीन गोष्टी हव्यात: वरचा धातू, खालचा धातू आणि प्रत्येकाची जाडी. प्रवाह रंग पाहून वाट निवडत नाही.