उडी कोणाची? साध्या प्लॅटफॉर्मरसाठी इंजिन निवडताना

मागच्या व्याख्यानानंतर जिन्यात एका मुलीनं आम्हाला अडवलं. तिला एक साधा साइड-स्क्रोलर करायचा होता. एक पात्र, डावीकडून उजवीकडे पळणार, खड्डे ओलांडणार, वाटेत चार शत्रू, शेवटी झेंडा. प्रश्न एकच: इंजिन कुठलं घेऊ? आम्ही तिला उलट विचारलं, तुझं पात्र उडी कशी मारतं? ती म्हणाली, "ते काय, स्पेस दाबला की मारतं." आजचं सगळं बोलणं तिच्या या उत्तराभोवती फिरणार आहे.

इंजिनांची परीक्षणं तुम्ही वाचली असतील. त्यांत एक तक्ता असतो. प्रकाशयोजना कुणाची चांगली, त्रिमिती कुणाची सरस, फुकट कुठलं, नोकऱ्या कशात जास्त. आम्हाला ही समीक्षा वाटत नाही, ही मिक्सर घेताना वाचायची माहिती झाली. ज्या खेळात त्रिमिती नाही त्याच्यासाठी त्रिमितीचे गुण मोजून काय उपयोग? प्लॅटफॉर्मरमध्ये खेळणारा तासभरात शेकडो वेळा एकच गोष्ट करतो, ती म्हणजे उडी मारतो. ती उडी वाईट असेल तर बाकी काहीही वाचवत नाही. म्हणून इंजिनाला पहिला प्रश्न हाच विचारायचा, की उडी तू ठरवणार का मी?

१९८५ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला तेव्हा इंजिन नावाची वस्तू दुकानात मिळत नव्हती. कार्ट्रिजमध्ये जागा चाळीस किलोबाइट, त्यात सगळा खेळ. पण मारिओची उडी नीट बघा. बटण दाबून धरलं तर उंच जाते, लवकर सोडलं तर बुटकी होते. वर जाताना गुरुत्वाकर्षण वेगळं, खाली येताना वेगळं, आणि खाली येताना ते जास्त जोरानं ओढतं. शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्राला हे धरून नाही. करणाऱ्यांनी निसर्गाची नक्कल न करता बोटाला काय बरं वाटतं ते धरलं, आणि त्यासाठी निसर्ग वाकवला.

आता आजचं एक इंजिन घेऊ. गोदो. (हो, नाव बेकेटच्या नाटकावरूनच. करणारे हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर, दोघं अर्जेंटिनाचे. २०१४ पासून मुक्तस्रोत आहे.) गोदोच्या चौथ्या आवृत्तीत तुम्ही पात्राला स्क्रिप्ट जोडायला गेलात की तयार हालचालीचा एक साचा समोर येतो. त्यात आडवा वेग सेकंदाला ३०० पिक्सेल, उडीचा वेग ४००, आणि प्रकल्पाचं ठरलेलं गुरुत्वाकर्षण ९८०. हे ९८० म्हणजे पृथ्वीचं ९.८, शंभर पिक्सेलला एक मीटर धरून. कागदावर मांडून बघा, सोपं गणित आहे. पात्र साधारण ८२ पिक्सेल वर जातं. वर जायला ०.४१ सेकंद, खाली यायला तेवढाच वेळ. त्या वेळात पुढे सरकतं सुमारे २४५ पिक्सेल. तुमची फरशी १६ पिक्सेलची असेल तर पोरगा पाच फरश्या उंच आणि पंधरा फरश्या लांब उडतो, म्हणजे जवळजवळ पक्षी झाला. फरशी ६४ ची असेल तर सव्वा फरशीवर त्याचा दम संपतो. बटण लवकर सोडल्यानं काही फरक पडत नाही, कारण साच्यात ती सोयच नाही.

यात गोदोचा दोष नाही हो. साचा हा साचा आहे, सुरुवातीला हात चालावा म्हणून दिलेला. पण कितीतरी नवख्यांच्या खेळांत तेच ३०० आणि तेच ४०० शेवटपर्यंत राहतात. चित्रं वेगळी, गाणी वेगळी, उडी मात्र सगळ्यांची एकच. एकाच शिंप्यानं सगळ्या वऱ्हाडाला एका मापाचे सदरे शिवावेत तसं ते दिसतं.

दुसऱ्या टोकाला 'सेलेस्ट'. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी त्याचं पहिलं रूप चार दिवसांत केलं, पिको-८ या चिमुकल्या साधनात. १२८ गुणिले १२८ पिक्सेलचा पडदा आणि सोळा रंग. पूर्ण खेळ जानेवारी २०१८ मध्ये आला, तो सी-शार्पमध्ये, एक्सएनए घराण्याच्या चौकटीवर लिहिलेला. पात्राच्या हालचालीचा कोड त्यांनी पुढे सगळ्यांसाठी खुला केला. आमची विनंती आहे, प्रोग्रामिंग येत नसलं तरी तो उघडून बघा. एकट्या पात्राची ती फाइल हजारो ओळींची आहे. कडेवरून पाय सुटल्यावरही सेकंदाचा दहावा भाग उडी मारता येते. कार्टूनमधला कोल्हा कड्यापलीकडे हवेत धावत राहतो ना, त्यावरून याला 'कायोटी टाइम' म्हणतात. जमिनीला टेकण्याआधी क्षणभर बटण दाबलं तरी ते लक्षात ठेवलं जातं. उडीच्या शिखरावर बटण धरून ठेवलं तर गुरुत्वाकर्षण निम्मं होतं. डोकं कोपऱ्यावर जरासं आपटलं तर खेळ पात्राला गुपचूप बाजूला सरकवतो. खेळणाऱ्याला यातलं काही कळत नाही, त्याला आपलं वाटतं, वा, आज हात छान चाललाय.

आणि हे सगळं कुठल्याही तयार भौतिकी यंत्रणेच्या बाहेर लिहिलंय. हा मुद्दा आम्हाला महाग पडून कळला, म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी एक खेळ करायला घेतला. जुन्या वाड्यांच्या छपरांवरून पळणारा पोरगा. सगळे वापरतात म्हणून एक मोठं इंजिन घेतलं. पोराला वजन दिलं, घर्षण दिलं आणि उडीच्या वेळी खालून एक धक्का दिला. आठ महिने कौलं रंगवली. मग शेजारच्या अकरा वर्षांच्या मुलाला खेळायला बसवलं. भिंतीकडे बाण दाबून धरला की पोरगा घर्षणामुळे भिंतीला चिकटायचा. दोन कौलांच्या सांध्यात अडखळायचा. दहा मिनिटांनी मुलानं कीबोर्ड सरकवला आणि म्हणाला, "दादा, हा फुग्यासारखा उडतो." आम्ही इंजिनाला शिव्या घातल्या. आमच्यातला एक जण त्या उन्हाळ्यात काम सोडून गेला, आणि तो खेळ पुन्हा उघडला नाही. खरं म्हणजे उडी आम्ही लिहिलीच नव्हती. ती आम्ही दुसऱ्याच्या गणितावर सोपवली होती, आणि ते गणित खोकी कोसळायला, दगड घरंगळायला केलेलं. 'अँग्री बर्ड्स' अशाच यंत्रणेवर, बॉक्स-टूडी नावाच्या, उभा आहे आणि तिथे ती शोभते, कारण तिथे पडझड हाच खेळ आहे.

मग इंजिन कुठलंही चालेल का? नाही. असं म्हणणारे लोक 'होलो नाइट' युनिटीत झाला, 'स्पेलंकी' आधी गेममेकरमध्ये झाला आणि २०१२ ला नव्यानं सी-प्लस-प्लसमध्ये लिहिला, ही उदाहरणं देतात. उदाहरणं खरी आहेत. पण त्यांतून एवढंच दिसतं, की पक्की ठरलेली उडी एका घरातून दुसऱ्या घरात नेता येते. घराचं भाडं आणि दारं-खिडक्या तरीही बघाव्याच लागतात.

भाड्याचं सांगायचं तर १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीनं जाहीर केलं, की ठरावीक उत्पन्नापलीकडे गेलेल्या खेळाच्या दर इन्स्टॉलमागे आकार लागेल. आधीच बाजारात असलेल्या खेळांनाही. गदारोळ झाला, काही दिवसांत अटी सैल झाल्या, वर्षानं तो आकारच रद्द केला. झालं ते झालं, पण पाच वर्षं राबून केलेल्या गोष्टीच्या अटी एका सकाळी बदलू शकतात हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. गोदो एमआयटी परवान्याखाली आहे, तिथे तुमच्या हातातली आवृत्ती कुणी परत मागू शकत नाही.

आणि एक गोष्ट, जी तक्त्यांत कधीच नसते. तुमच्या खेळातली पाटी मराठीत असेल तर? 'किल्ला' लिहायला गेलात आणि पहिली वेलांटी क च्या मागे जाऊन बसली, ल ला ल जोडलाच नाही, पाय मोडून पडला, हे आम्ही पडद्यावर पाहिलंय. देवनागरीत अक्षरं एकामागे एक ठेवून भागत नाही, ती जुळवावी लागतात. गोदोच्या चौथ्या आवृत्तीत त्यासाठी हार्फबझ आणलं, तेव्हापासून मराठी सरळ दिसतं. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फेझरमध्येही दिसतं, कारण जुळवणी ब्राउझर करतो. मराठीत खेळ करू म्हणणाऱ्यानं चित्रं काढण्याआधी 'शत्रू', 'किल्ला', 'कृष्णा' एवढे तीन शब्द पडद्यावर आणून बघावेत. पाच मिनिटांचं काम आहे.

तर त्या मुलीला आमचं उत्तर: गोदो घे, आणि पहिल्याच संध्याकाळी साच्यातले आकडे खोड. भौतिकीचं वजनदार पात्र घेऊ नकोस, आपण हलवू तेवढंच हलणारं घे. स्वतःचं इंजिन लिही असं सांगणारे भेटतील. 'सुपर मीट बॉय'साठी टॉमी रेफेन्सनं ते केलं, पण तुझा खेळ पहिला आहे, मेनू आणि आवाज वाजवण्यात वर्ष जाईल. एक करडा चौकोन, एक खड्डा, बस. चित्र नको, गाणं नको. तो चौकोन अर्धा तास नुसता उडवत राहावासा वाटला, की पुढचं काढ.

आम्ही इथे असे दोन चौकोन लावून ठेवलेत. डावीकडे साच्यातली उडी आहे, उजवीकडे आम्ही चार रात्री बसून दुरुस्त केलेली. खड्डा एकच. बोलणं पुरे, कोण येतंय आधी? या, त्या मागच्या रांगेतल्या आजोबा, तुम्हीच या.