सूक्ष्म शर्करामापनातील प्रतिदीप्त खूण : नाशिकच्या द्राक्ष-वाइनच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

निफाड, दिंडोरी परिसरात द्राक्षाची गोडी बागेतच रिफ्रॅक्टोमीटरने मोजली जाते. ब्रिक्सचा हा आकडा रसातील सर्व विद्राव्य घन पदार्थांचा असतो. कोणती शर्करा किती, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी लिक्विड क्रोमॅटोग्राफीचा आधार घ्यावा लागतो. शर्करेचा रेणू स्वतः प्रतिदीप्त होत नाही. म्हणून अत्यल्प मात्रा मोजण्यासाठी त्यास प्रतिदीप्त खूण जोडतात. ही पद्धत अतिसंवेदनशील आहे. परंतु संवेदनशीलता म्हणजे योग्यता नव्हे.

पद्धतीचे स्वरूप

2-अमिनोबेंझामाइडसारख्या खुणेचा अमिनो गट शर्करेच्या अल्डिहाइड टोकाशी जोडला जातो आणि सोडियम सायनोबोरोहायड्राइडने क्षपण होऊन हा बंध पक्का होतो. सुमारे 330 नॅनोमीटरच्या प्रकाशाने उत्तेजित झालेला हा रेणू सुमारे 420 नॅनोमीटरला प्रकाश देतो. प्रत्येक रेणूस एकच खूण लागत असल्याने विविध शर्करांच्या मोलर प्रमाणांची तुलना शक्य होते. हे या पद्धतीचे निर्विवाद बलस्थान होय.

मर्यादा

पक्व द्राक्षात ग्लुकोज व फ्रुक्टोज जवळजवळ समप्रमाणात असतात. किण्वनात यीस्ट सामान्यतः ग्लुकोज अधिक वेगाने संपवते. त्यामुळे वाइनमध्ये उरणाऱ्या शर्करेत फ्रुक्टोजचे प्राबल्य असते. फ्रुक्टोज ही कीटोशर्करा असल्याने तिला खूण अपुरी लागते. सुक्रोजला मुक्त क्षपणकारी टोक नसल्याने ती लागतच नाही. म्हणजे जी शर्करा मोजायची, तिच्याच बाबतीत पद्धत दुर्बळ ठरते. अशा अहवालावर विसंबून वाइन 'ड्राय' ठरविल्यास उरलेल्या फ्रुक्टोजमुळे बाटलीत पुन्हा किण्वन सुरू होण्याचा धोका राहतो. शिवाय 'ड्राय' वाइनसाठी युरोपीय संघाची सर्वसाधारण मर्यादा 4 ग्रॅम प्रतिलीटर आहे. ही मात्रा अत्यल्प नव्हे. अपवर्तनांक-शोधक जोडलेली साधी क्रोमॅटोग्राफी तेथे पुरेशी ठरते. सायनोबोरोहायड्राइड विषारी असून आम्लाच्या संपर्कात त्यातून हायड्रोजन सायनाइड वायू निघू शकतो, हेही महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी दुर्लक्षून चालणार नाही.

निष्कर्ष

या पद्धतीचे खरे क्षेत्र अन्यत्र आहे. वाइनमधील अरॅबिनोज, झायलोज यांसारख्या अल्प अल्डोशर्करा, तसेच द्राक्षाच्या पेशीभित्तिकेतील बहुशर्करांच्या विघटनातून मिळणारे ऱ्हॅम्नोज व गॅलॅक्टोज यांच्या अभ्यासात ती उपयुक्त ठरते. पद्धतीची निवड उपकरणाच्या प्रतिष्ठेवरून न होता शर्करेच्या रासायनिक रचनेवरून व अपेक्षित मात्रेवरून व्हावी, हेच या चिकित्सेचे सार होय.