आनंदीबाईंच्या भाषणातला विसरलेला मुद्दा

आनंदीबाई जोशी यांच्यावरचे भाषण आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत कधी ना कधी ऐकलेले असते, काहींनी केलेलेही असते. त्याचा साचा ठरलेला आहे. ३१ मार्च १८६५ ला जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावणे, गोपाळरावांचा हट्ट, बोटीचा प्रवास, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाची पदवी आणि वर्ष उलटायच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात मृत्यू. शेवटी 'पहिली' हा शब्द आणि टाळ्या. विज्ञान दिनाच्या निमित्ताने छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या शाळांत पाहुणे म्हणून जाताना हे भाषण आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की, पुढचे वाक्य आम्हांला आधीच ठाऊक असते. भाषण करणाऱ्या मुलींबद्दल आमची तक्रार नाही. त्यांना मजकूर लिहून देणाऱ्या आपणा मोठ्यांबद्दल आहे. कारण या साच्यात आनंदीबाईंचे धैर्य येते, दुःख येते, पण त्या काय म्हणत होत्या ते येत नाही.

फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे (अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे, कलकत्त्याजवळचे) त्यांनी इंग्रजीत एक जाहीर भाषण केले. आपण अमेरिकेला का जात आहोत, हा त्याचा विषय. त्यातला एक मुद्दा असा: स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून तपासून घ्यायला नाखूश असतात. युरोप-अमेरिकेतून आलेल्या काही स्त्री डॉक्टर इथे आहेत, पण त्यांची भाषा, चालीरीती वेगळ्या असल्यामुळे आपल्या बायकांना त्यांचा व्हायला हवा तेवढा उपयोग झालेला नाही. म्हणून हिंदू स्त्री डॉक्टर हव्यात, आणि त्यासाठी मी पुढे येत आहे.

विज्ञानाच्या शिक्षकाच्या कानाला हे विधान वेगळे लागायला हवे. मला शिकायचे आहे, मला हक्क द्या, असे ते नाही. डॉक्टर कोठून आला, कोणती भाषा बोलतो यावर रोग्याला मिळणाऱ्या उपचाराचा दर्जा काही अंशी अवलंबून असतो, असे ते विधान आहे. म्हणजे ते एक गृहीतक आहे आणि ते तपासता येते. सतरा वर्षांच्या मुलीने मांडलेले गृहीतक आपण एकशे चाळीस वर्षे हारतुऱ्यांखाली झाकून ठेवले, याचे आम्हांला वाईट वाटते.

त्यांचे १८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. नऊवारीतल्या आनंदीबाई, किमोनोतली जपानची केई ओकामी आणि सीरियाच्या पोशाखातली सबात इस्लामबूली, तिघीही फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या. त्याच महाविद्यालयातून १८८९ मध्ये सुझन ला फ्लेश पदवीधर झाली. ती ओमाहा या मूलनिवासी जमातीची. लहानपणी तिने आपल्याच जमातीची एक आजारी बाई मरताना पाहिली होती. वारंवार निरोप पाठवूनही सरकारी गोरा डॉक्टर आला नव्हता. पदवी घेऊन सुझन आपल्या लोकांत परतली आणि शेकडो चौरस मैलांत विखुरलेल्या बाराशेच्या आसपास माणसांची डॉक्टर झाली. १९१३ मध्ये तिने तिथे रुग्णालय उभे केले. आनंदीबाईंना कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक मिळूनही जे करायचे राहून गेले, ते सुझनने केले.

पण एकेका माणसाची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. मोजमाप काय सांगते ते पाहू.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या एका नामवंत नियतकालिकात फ्लोरिडा राज्यातल्या सुमारे १८ लाख जन्मांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे गोऱ्या अर्भकांपेक्षा काळी अर्भके जास्त दगावतात. ही तफावत, डॉक्टर काळा असेल तर, जवळजवळ निम्म्याने कमी दिसते, असा त्याचा निष्कर्ष होता. तो जगभर गाजला. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशातील वंशविचाराविरुद्ध निकाल दिला, तेव्हा असहमतीच्या निकालपत्रातही त्याचा आधार घेतला गेला. आमच्यासारख्यांना तो पटला, कारण तो पटायला हवा होता.

२०२४ मध्ये त्याच नियतकालिकात दोन संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. जन्मतः दीड किलोपेक्षा कमी वजनाची बालके संख्येने थोडी असतात, पण नवजात मृत्यूंत त्यांचा वाटा फार मोठा असतो. पहिल्या अभ्यासात हा घटक नीटसा धरलेला नव्हता. तो धरल्यावर डॉक्टरच्या वर्णाचा परिणाम जवळपास नाहीसा झाला. कारण अशी अतिशय नाजूक काळी अर्भके जास्त करून गोऱ्या डॉक्टरांकडे जात होती.

हे वर्गात समजावून सांगायला घाटीएवढे चांगले उदाहरण नाही. घाटी म्हणजे आमचे १९५६ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय. मुलांना विचारा: तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात वर्षात थोडे रोगी दगावतात, घाटीत खूप. मग घाटीचे डॉक्टर वाईट का? एखादे पोर लगेच उत्तर देईल की, तालुक्याला जमत नाही त्यालाच तर 'घाटीला न्या' म्हणतात. झाले, फ्लोरिडाच्या अभ्यासातली चूक त्याला कळली. जोखमीचा रोगी कोणाकडे जातो हे पाहिल्याशिवाय कोणाच्या हातून किती दगावले हे मोजण्यात अर्थ नाही. चांगल्या बाजूच्या हाती कच्चा पुरावा असला की त्या बाजूचेच नुकसान होते. या अभ्यासाचे दाखले अजूनही लेखांतून, व्याख्यानांतून दिले जातात, ते थांबावेत असे आम्हांला वाटते.

मग आनंदीबाईंचे गृहीतक पडले का? नाही. ते दुसऱ्या एका प्रयोगात चांगले तगले आहे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात संशोधकांनी न्हाव्यांच्या दुकानांतून आणि जुन्या मालाच्या बाजारांतून सुमारे तेराशे काळे पुरुष गोळा केले. त्यांना तपासणीसाठी बोलावले आणि कोणाला काळा डॉक्टर, कोणाला दुसरा, हे चिठ्ठ्या टाकावे तसे दैवावर सोडले. डॉक्टर चौदा होते. रोगी आपल्या मर्जीने डॉक्टर निवडत नव्हता, त्यामुळे घाटीसारखा घोटाळा इथे होऊ शकत नव्हता. आधी फक्त डॉक्टरचे छायाचित्र दाखवून कोणत्या तपासण्या करून घ्याल असे विचारले. तेव्हा दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. प्रत्यक्ष भेटून बोलल्यावर मात्र काळ्या डॉक्टरकडे गेलेले पुरुष जास्त तपासण्यांना तयार झाले, त्यातही बोट टोचून रक्त द्यावे लागते अशा मधुमेह आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्यांना.

प्रयोगाचा गाभा इथेच आहे. चेहरा पाहून फरक पडला नाही, बोलणे झाल्यावर पडला. अर्थात ही एका शहरातली, एकाच भेटीची गोष्ट आहे. त्या माणसांचे आयुष्य वाढले की नाही हे त्यातून सिद्ध होत नाही. पण आनंदीबाईंनी 'भाषा, चालीरीती' म्हटले होते, त्याच्या हे फार जवळ जाते.

आता आपल्याकडे येऊ. काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या पैठणकडच्या एका म्हाताऱ्या काकूंना शहरातल्या एका रुग्णालयात नेले होते. तिथले निवासी डॉक्टर परराज्यातले, मन लावून काम करणारे, पण मराठी जेमतेम. काकू म्हणाल्या, "जीव घाबरा होतो, डावा हात भरून येतो." वॉर्डातल्या मावशींनी तत्परतेने भाषांतर केले, "घबराहट होती है." हात भरून येतो, हे भाषांतरात गळाले. 'घबराहट' ऐकून डॉक्टरांनी काकूंना धीर दिला, झोपेची गोळी लिहिली. दुसऱ्या दिवशी हृदयविकार निघाला. काकू वाचल्या, म्हणून ही गोष्ट आज शांतपणे सांगता येते. चूक कोणाची हे शोधत बसण्यात आम्हांला रस नाही. मराठीतला घाबरा जीव आणि हिंदीतली घबराहट यांच्यात जे अंतर आहे, ते पार करण्याची जबाबदारी तिथे मावशींवर येऊन पडली होती.

मराठवाड्यात हे अंतर एकच नाही. जुन्या शहरातली आजी दखनी बोलते, तांड्यावरची बाई गोरमाटी. किनवटला गोंडी आणि कोलामी, देगलूरकडे तेलुगू, उदगीरकडे कन्नड. (आणि इतिहासाची गंमत पाहा: घाटी सुरू होण्याआधी इथल्या मुलाने डॉक्टर व्हायचे तर वाट हैदराबादची, आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण बरीच वर्षे उर्दूतून होत असे.) भाषेच्या जोडीला जात आहेच. रोगी डॉक्टरला ओळखतो तो वर्णावरून नव्हे, आडनावावरून आणि बोलण्याच्या धाटणीवरून. म्हणून ओकलंडचा निष्कर्ष उचलून इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. एकाच गावचा डॉक्टर आणि रोगी असले तरी एकाचे घर गावात आणि दुसऱ्याचे वस्तीत असेल, तर 'आपला माणूस' म्हणजे कोण, हा प्रश्न उरतोच. आनंदीबाईंनी 'हिंदू स्त्री डॉक्टर' म्हटले तेव्हा त्यांच्या 'आपल्या'त कोण कोण होते, हेही विचारायला हवे. प्रत्येक पिढीला आपला परीघ अपुरा दिसत नाही.

हा सगळा विचार आमच्या मनात २०२० सालच्या एका निर्णयामुळे सुरू झाला. तोवर राज्याच्या वाट्याच्या वैद्यकीय जागांपैकी ७० टक्के त्या-त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के सर्वांना खुल्या, अशी पद्धत होती. मराठवाड्यात महाविद्यालये कमी. त्या वेळी आठ जिल्ह्यांपैकी छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद), अंबाजोगाईमुळे बीड, नांदेड आणि लातूर एवढ्या चारच जिल्ह्यांत शासकीय महाविद्यालये होती. साहजिकच इथल्या मुलांना जास्त गुण मिळवूनही जागा मिळत नसे. सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने ही पद्धत रद्द केली. आम्हीही खूश झालो. अन्याय होता, तो दूर झाला. पुढच्या चार-पाच वर्षांत उरलेल्या चार जिल्ह्यांतही महाविद्यालये आली.

पण त्या वेळची दोन्ही बाजूंची निवेदने आज वाचताना एक गोष्ट खटकते. सगळा वाद जागा कोणाच्या याबद्दल आहे. रोगी त्यात नाही. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर निर्णय न्याय्य. रोग्याच्या बाजूने पाहिले तर त्याच निर्णयाने घाटीत, अंबाजोगाईत इथली बोली जाणणारी मुले असण्याची खात्रीही गेली. केंद्रीय कोट्याच्या पदवीच्या १५ टक्के आणि पदव्युत्तरच्या निम्म्या जागांवर देशभरातून विद्यार्थी येतातच. निर्णय चुकला असे आम्ही म्हणत नाही. तो मोजताना अर्धाच ताजवा वापरला, असे म्हणतो.

आरक्षणाच्या वादातही हेच होते. राज्याच्या लोकसंख्येत आदिवासी २०११ च्या जनगणनेनुसार ९ टक्क्यांहून थोडे अधिक, राखीव जागा ७ टक्के. या आकड्यांवर दोन्हीकडून तावातावाने बोलले जाते, पण धडगावच्या किंवा किनवटच्या बाळंतिणीचा उल्लेख क्वचितच होतो. आणि प्रवेश मिळाला म्हणजे सारे झाले असेही नाही. मे २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, आदिवासी तडवी समाजातल्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला, प्रकरण न्यायालयात गेले. त्या स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र शिकत होत्या, म्हणजे आनंदीबाईंनी ज्यावर प्रबंध लिहिला तोच विषय.

यावर कोणी म्हणेल, मग काय प्रत्येकाला आपापल्या जातीचा, बोलीचा डॉक्टर द्यायचा? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर डॉ. रखमाबाईंच्या कामात मिळते. १८६४ मध्ये जन्मलेल्या, बालविवाहाच्या खटल्यामुळे गाजलेल्या रखमाबाई सुतार समाजातल्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. लंडनला वैद्यकाचे शिक्षण घेऊन आल्यावर रखमाबाईंनी आयुष्याची सुमारे पस्तीस वर्षे सुरत आणि राजकोटला काढली, म्हणजे परभाषेच्या मुलखात. सुरतेत सुरुवातीला बाया दवाखान्यात बाळंतपणाला येईनात, तेव्हा त्यांनी एका गाभण मेंढीचे बाळंतपण तिथे करून दाखवले, अशी आठवण सांगितली जाते. जन्माने मिळालेली जवळीक नव्हती, ती त्यांनी मेहनतीने मिळवली. शाळांतल्या भाषणांत रखमाबाई फारशा येत नाहीत. 'पहिली' हा शब्द त्यांना नीट लावता येत नाही, हेही त्याचे एक कारण असावे.

म्हणजे दोन कामे आहेत आणि एकाने दुसऱ्याची सुटका होत नाही. तांड्यावरची, वस्तीवरची, किनवटची मुले डॉक्टर होऊन टिकली पाहिजेत, आणि जे कोठूनही आले असतील त्यांना इथल्या रोग्याचे बोलणे शिकवले पाहिजे. दुसरे काम शाळेतूनही सुरू करता येईल. येत्या ३१ मार्चला भाषणाऐवजी मुलांना घरी पाठवा आणि आजीला दुखण्याचे शब्द विचारून आणायला सांगा. ठणका, कळ, चमक, सणक, रग, आग, मुंग्या. दखनीतले वेगळे, गोरमाटीतले वेगळे. प्रत्येक शब्दापुढे नेमके कोठे आणि कसे दुखते तेही लिहून आणू द्या. यादी चांगली झाली तर जवळच्या रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांना नेऊन द्या. केसपेपरवर नाव, वय, पत्ता लिहितात त्याखाली 'घरी बोलायची भाषा' एवढी एक ओळ वाढवता येईल का, हेही तेव्हाच विचारून या.