श्राव्य चित्र आणि मूक चित्र

कर्ली नदीच्या मुखाशी वसलेल्या तारकर्लीचा रसिक मुंबईच्या आधुनिक कलासंग्रहालयात गेला, तर ‘हे चित्र कळत नाही’ असे म्हणण्याचा संभव अधिक. या उद्गाराची संभावना अरसिकता म्हणून करण्याची प्रथा आहे; ती तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

तारकर्लीच्या याच जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथे, ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. एका आख्यानाची चित्रे म्हणजे एक पोथी. वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीने कथा गायिली जाते आणि प्रसंगानुसार एकेक चित्र पुढे येते. येथे चित्र अर्धे असते. उरलेले अर्धे निवेदकाच्या कंठात असते. ‘कळत नाही’ ही तक्रार या व्यवस्थेत सहसा उद्भवतच नाही.

मुंबईचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय ज्या वास्तूत आहे, ते सर कावसजी जहांगीर सभागृह 1911 मध्ये उभे राहिले. व्याख्याने, सभा, संगीताच्या मैफली यांसाठी ते प्रसिद्ध होते. 1996 मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले, आणि ऐकण्याची जागा पाहण्याची झाली. अर्धवर्तुळाकार दालने चढत जाणाऱ्या प्रेक्षकाला निवेदक भेटत नाही. भेटते ती चित्राचे नाव, वर्ष व माध्यम सांगणारी पट्टी. निवेदकाची जागा तिने घेतली खरी, त्याचे कार्य मात्र घेतले नाही.

तथापि हे मौन म्हणजे केवळ उणीव नव्हे. 2019 मध्ये याच वास्तूत प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले होते. बरवे यांचा जन्म 1936 मध्ये अलिबागजवळील नागाव या किनाऱ्यावरच्याच गावी झाला. पान, घड्याळ, शिंपला या त्यांच्या वस्तू कोकणी प्रेक्षकाला परक्या नाहीत; त्यांना जोडणारी कथा तेवढी चित्रकाराने दिलेली नाही. ते जोडकाम प्रेक्षकावर सोपविले आहे. बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’ (1990) हा ग्रंथ लिहिला, यावरून आधुनिक चित्रालाही शब्द वर्ज्य नाही, हे दिसते; पण तो शब्द कथेचा नसून चिंतनाचा आहे.

उलट, पोथीतील सुटे पान संग्रहालयाच्या भिंतीवर लागले की रेषा व रंग यांकडे लक्ष जाते, क्रम आणि स्वर मात्र लोपतात. परशुराम गंगावणे यांनी पिंगुळीत आपल्या गोठ्यात संग्रहालय उभारले (2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली), त्याचे महत्त्व येथे आहे: तेथे चित्र त्याच्या गायकांपासून तुटलेले नाही. संग्रहालयाची कसोटी त्याने काय जपले एवढीच नव्हे. जपताना काय वगळले, हे ते प्रेक्षकाला सांगते की नाही, हीही आहे.