लाकडी घोंगडी पांघरलेला धक्का

मागच्या वेळी आपण बंदरं शहराबाहेर का जातात ते पाहिलं. आज पुढचा प्रश्न घेऊ: बंदर गेल्यावर मागे उरलेल्या किनाऱ्याचं करायचं काय, आणि तो कुणाचा?

उदाहरण हेल्सिंकीचं. 2008 साली व्हुओसारी इथं नवं मालबंदर सुरू झालं आणि यात्कासारी, कालासातामा हे शहरालगतचे धक्के मोकळे झाले. तिथं घरांची मोठी बांधकामं सुरू झाली. जवळच्याच हेर्नेसारी या औद्योगिक पट्ट्यात 2016 साली ‘लोयल्यू’ उघडलं. हे समुद्रकाठचं सार्वजनिक साउना, म्हणजे बाष्पस्नानगृह, आणि सोबत उपाहारगृह. नावाचा अर्थच तापल्या दगडांवर पाणी टाकल्यावर उठणारी वाफ. आराखडा अवांतो आर्किटेक्ट्सच्या विले हारा आणि आनू पूस्तिनेन यांचा.

आत साधी चौकोनी खोकी आहेत आणि त्यावर सुमारे 4,000 फळ्यांची घोंगडी पांघरली आहे. फळ्या उष्णतेची प्रक्रिया केलेल्या पाइनच्या. त्या आपल्या जुन्या घरांतल्या खिडक्यांच्या झडपांचंच काम करतात: आतून समुद्र दिसतो, बाहेरून आतलं माणूस दिसत नाही, काचेवर थेट ऊनही येत नाही. रंग नाही, त्यामुळे लाकूड हळूहळू करडं पडतं आणि इमारत किनाऱ्यावरच्या खडकासारखी दिसू लागते. इमारत मुद्दाम बुटकी आणि अरुंद ठेवली आहे. किनाऱ्यावरची बागेची पट्टी तुटू नये आणि मागे होणाऱ्या घरांचा समुद्र झाकू नये, म्हणून.

इथवर कौतुक सगळेच करतात. आम्हाला मात्र खरी गोष्ट वाटते ती पायऱ्यांची. ती घोंगडीच पायऱ्या होऊन छपरावर चढते, आणि तिथं बसायला तिकीट लागत नाही. आपल्याकडे नदीचा घाट असतो ना, तसंच. देवळात जा, नका जाऊ; घाटावर बसायला कुणी विचारत नाही. खाली साउनाला ठरावीक वेळेचं तिकीट, शेजारी खाण्याचं बिल, पण वरचा समुद्र फुकट. या पायऱ्या नसत्या तर लोयल्यू हे एक देखणं हॉटेल झालं असतं, एवढंच.

पण आम्ही इथं थांबणार नाही. त्याच शहरात कालासातामाच्या मोकळ्या किनाऱ्यावर 2011 पासून ‘सोंपासाउना’ उभं राहिलं. वास्तुरचनाकार नाही, तिकीट नाही, पगारी माणूस नाही. लोकांनीच फळ्या ठोकून बांधलं, लोकच सरपण आणतात, रात्रंदिवस खुलं. सुबकपणात ते लोयल्यूच्या पासंगालाही पुरणार नाही. तरी ओसाड धक्क्यावर माणसं यायला लागली ती अशाच गोष्टींमुळे. आणि घरांची बांधकामं पुढे सरकली तसं त्याला जागा सोडावी लागली. आता ते मुस्तिक्कामा बेटावर आहे.

इथं आमची टीका आहे. छोटं लाकडी बांधकाम धक्क्यावर ऊब आणतं, आणि ती ऊब जमिनीचा भाव वाढवते. मग जिनं ऊब आणली तीच झोपडी आधी उठते. लाकूड हलकं, चटकन उभं राहणारं, म्हणून धक्क्यावर ते सोयीचं. पण चटकन उभं राहतं ते चटकन हलवताही येतं, हेही नियोजनकर्त्यांना ठाऊक असतं.

म्हणजे लोयल्यू चुकलं का? नाही. त्यानं छपराची जागा इमारतीच्या अंगातच विणली. ती काढायची तर इमारतच मोडावी लागेल. सोंपासाउनाकडे मोकळेपणा होता, हक्काची जागा नव्हती. लोयल्यूकडे जागा आहे, मोकळेपणा फक्त छपरापुरता. चांगल्या आराखड्यानं या दोन्ही गोष्टी एकत्र आणायला हव्यात.

तेव्हा पुढच्या वेळी धक्क्यावरच्या सुंदर लाकडी इमारतीचा फोटो समोर आला, तर लाकूड कोणतं हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, खिशात पैसे नसलेल्या माणसानं इथं बसायचं कुठं? आणि दहा वर्षांनीही त्याला बसू देतील का?

आता तुमचे प्रश्न घेऊ.