गाडगेबाबांचे कीर्तन : निरक्षर श्रोता आणि आरोग्यशिक्षण

आरोग्यविषयक साहित्य निरक्षरांपर्यंत का पोहोचत नाही, या प्रश्नावर 'भाषा सोपी करावी' हे उत्तर नेहमी दिले जाते. ते अपुरे आहे. 'अतिसार' काढून 'हगवण' लिहिले, तरी अक्षरओळख नसलेल्या माणसासमोर भित्तिपत्रक मुकेच राहते. या दृष्टीने गाडगेबाबांच्या कीर्तनाकडे पाहणे उद्बोधक ठरते.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या आणि अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामाकडे वाढलेल्या बाबांना शालेय शिक्षण लाभले नव्हते. त्यांचे श्रोतेही बहुतांश निरक्षर होते. कीर्तनात निरूपण थोडे आणि प्रश्न अधिक. मूल आजारी पडल्यावर नवस करावा की औषध द्यावे, या स्वरूपाचा प्रश्न ते वऱ्हाडी बोलीत समुदायाला विचारीत आणि उत्तर समुदायाकडूनच वदवून घेत. ऐकणारा बोलता झाला की त्यास काय उमगले हे तेथेच कळते. रुग्णाला सांगितलेले त्याच्याच शब्दांत परत सांगावयास लावणे, ही आजच्या वैद्यकीय संवादशास्त्राने पुरस्कारलेली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

अर्थात येथे एक मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. हजारोंनी एका सुरात दिलेला होकार म्हणजे आकलन नव्हे. तो पुष्कळदा गर्दीचा उत्साह असतो. परंतु बाबा कीर्तनापूर्वी दिवसभर हातात खराटा घेऊन गाव झाडीत. रात्रीच्या शब्दाचा अर्थ श्रोत्यांनी दिवसा डोळ्यांनी पाहिलेला असे. तुकडोजी महाराजांच्या 'ग्रामगीते'त ग्रामआरोग्यावर स्वतंत्र अध्याय आहे व तोही सामुदायिक वाचनास अनुकूल अशा ओवीत आहे. मात्र तेथे एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे लागते. प्रश्नोत्तराचा तो जिवंतपणा ओवीत येत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियानास बाबांचे नाव दिले. अभियानाने गावोगावी स्पर्धा, गुणांकन व पारितोषिके आणली आणि त्यातून अनेक गावे झाडली गेली, हे मान्य करावयास हवे. तथापि बाबांचा खराटा स्वीकारला गेला, त्यांचा प्रश्न मात्र मागे राहिला.

मेळघाटात तर वऱ्हाडीही पुरेशी नाही. धारणी-चिखलदऱ्यातील कोरकू मातेची भाषा मुंडा कुळातील. मराठीशी तिचे नाते नाही. कुपोषण किंवा नवजात बालकाच्या काळजीविषयीचा मराठी संदेश तिच्यासाठी परभाषेतीलच असतो. तेथे बाबांची पद्धत उपयोगी पडावयाची, तर कोरकूत प्रश्न विचारणारी व उत्तर येईपर्यंत थांबणारी व्यक्ती हवी. गावातीलच आशा कार्यकर्ती हे काम करू शकते; परंतु तिच्या हाती बहुधा मराठी तक्ताच दिला जातो.