नांदेड–लातूर प्रांतींचे मेथॉडिस्ट क्षेत्राध्यक्ष : अधिकार व साधनें यांची चिकित्सा

मराठवाड्याच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे शिलालेख, महानुभावांच्या पोथ्या, देशमुख-देशपांड्यांचीं वतनपत्रें आणि आसफजाही अमदानींतील फारसी कागद हींच अभ्यासकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. ख्रिस्ती मंडळ्यांचे कागद या मालिकेंत सहसा धरले जात नाहींत. जे थोडे लेखक ते धरितात, त्यांच्यांत दोन पक्ष पडलेले दिसतात. एका पक्षाच्या मतें या मंडळ्या म्हणजे परदेशीं जन्मलेल्या चार-दोन थोर पुरुषांची कृति होय. त्यांनीं यावें, उपदेश करावा आणि गांवें प्रभूच्या कळपांत यावीं. दुसऱ्या पक्षाच्या मतें हेच पुरुष परसत्तेचे हस्तक होत. त्यांनीं पैसा वांटावा आणि दुबळ्यांनीं त्यांच्या मागें जावें. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे वैरी खरे. तथापि दोघांचीही चूक एकच आहे. वरिष्ठ अधिकारी हाच मंडळीचा कर्ता, हें गृहीत दोघांनींही तपासून न पाहतां स्वीकारिलें आहे. तें गृहीत कितपत टिकतें, याचा विचार मेथॉडिस्ट एपिस्कोपल मंडळीच्या क्षेत्राध्यक्षांपुरता येथें करावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. नव्या करारांतील ‘एपिस्कोपॉस’ या ग्रीक शब्दाचा अवयवार्थ ‘वरून पाहणारा’ असा आहे. मराठी शास्त्रांत त्यास ‘अध्यक्ष’ हा प्रतिशब्द योजिला आहे, आणि ‘प्रेस्बुतेरॉस’ यास ‘वडील’. आजच्या मराठी वाचकास अध्यक्ष म्हटला कीं सभेंत उच्चासनावर बसून समारोपाचें भाषण करणारा गृहस्थ आठवतो, आणि तेथेंच अर्थाचा घोटाळा होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें दुसरें अधिकरण ‘अध्यक्षप्रचार’ या नांवाचें आहे. त्यांतील सीताध्यक्ष शेतीवर, शुल्काध्यक्ष जकातीवर, पण्याध्यक्ष विक्रीच्या मालावर नजर ठेवितो. तो हिशेब घेतो आणि हाताखालच्या माणसांच्या कामास जबाबदार असतो. भाषांतरकारांच्या मनांत कौटिल्य होता असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु शब्दाचा हा जुना अर्थच प्रस्तुत अधिकारास नेमका लागू पडतो, एवढें खरें.

या पंथांत तर नांवाविषयींचा वाद पंथाइतकाच जुना आहे. १७८४ सालीं जॉन वेस्लीनें अमेरिकेंतील मंडळ्यांसाठीं थॉमस कोक व फ्रान्सिस ॲसबरी यांस नेमिलें, तें ‘सुपरिंटेंडेंट’ म्हणून. पुढें अमेरिकेंतील मंडळीनें त्यांस ‘बिशप’ म्हणण्याचा प्रघात पाडला, तेव्हां १७८८ सालीं वेस्लीनें ॲसबरीस कडक शब्दांत पत्र लिहून आपली नाराजी कळविली. त्याला काम हवें होतें, पदवी नको होती. बिशपच्या हाताखालीं एकेका विभागावर जो वडील नेमीत, त्यास ‘प्रिसायडिंग एल्डर’ म्हणत. १९०८ पासून त्यासच ‘डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट’ म्हणूं लागले. म्हणजे वेस्लीनें सर्वांत वरच्यास दिलेलें नांव सव्वाशें वर्षांनीं मधल्या अधिकाऱ्यास मिळालें. यालाच आम्ही या लेखांत क्षेत्राध्यक्ष म्हणतों.

आतां क्षेत्राचा विचार. विल्यम टेलर हा उपदेशक १८७० सालीं हिंदुस्थानांत आला. त्याच्या खटपटींतून उभ्या राहिलेल्या मंडळ्यांची दक्षिण हिंदुस्थान परिषद १८७६ सालीं स्थापन झाली. निजामच्या राज्यांत या पंथाचें काम हैदराबाद-सिकंदराबादेच्या इंग्रजी बोलणाऱ्या वस्तींतून सुरू होऊन पुढें तेलगू, कानडी व मराठी खेड्यांकडे वळलें, आणि बिदर हें त्याचें एक मोठें ठाणें झालें. येथें आजचा नकाशा पुढें ठेवून शोध करणारा हटकून फसतो. लातूर जिल्हा १९८२ सालचा. त्यांतील उदगीर, अहमदपूर व निलंगें हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यांत होते. खुद्द लातूर उस्मानाबादेकडे होतें. नांदेडचा मुधोळ तालुका त्याच सालीं आदिलाबादेस गेला आणि आदिलाबादचें किनवट नांदेडास आलें. ज्यास उदगिरीकडील जुन्या मंडळ्यांचा मागोवा घ्यावयाचा असेल त्यानें ‘लातूर’ हें नांव शोधीत बसूं नये. बिदर हें नांव शोधावें.

शिवाय या प्रांताच्या चारी बाजूंस निरनिराळ्या पद्धतीचे अधिकार नांदत होते. पूर्वेस मेदक येथें ब्रिटिश वेस्लियन मिशन. तेथील प्रमुख बिशप नसून ‘चेअरमन’ असे, आणि १९४७ सालीं दक्षिण हिंदुस्थानची संयुक्त मंडळी होतांच तेथें बिशपचें आसन आलें. वायव्येस औरंगाबादेंत चर्च मिशनरी सोसायटीचें अँग्लिकन काम. १९२९ पासून नाशिकास स्वतंत्र बिशप झाला. जालन्यास स्कॉटिश मंडळीचे नारायण शेषाद्रि यांनीं बेथेल नांवाचें गांव वसविलें. त्या मंडळींत बिशप नाहींच, वडिलांची सभा हाच अधिकार. नैर्ऋत्येस सोलापुराकडे अमेरिकन मराठी मिशन. त्यांचे मतें प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त. अशा चौघांच्या मधोमध बिदरचा क्षेत्राध्यक्ष होता. रुळांची दिशाही लक्षांत घ्यावी. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची आगगाडी सुरू होऊन नांदेड सिकंदराबाद व मनमाड यांस जोडलें गेलें. लातुरास आगगाडी आली ती बार्शीकडून, छोट्या रुळांची. एकाच मुलखांतील या दोन बाजारपेठांचीं तोंडें निरनिराळ्या दिशांस होतीं. अशा ठिकाणीं एकाच अधिकाऱ्यानें सर्व मंडळ्यांस हातीं धरावयाचें, तर त्याचें नेतृत्व बहुतांशीं पायपिटीचेंच असणार.

त्याचा अधिकार तरी किती? या पंथाच्या ‘डिसिप्लिन’ नामक नियमग्रंथाप्रमाणें उपदेशकांच्या नेमणुका बिशपनें करावयाच्या. वार्षिक परिषदेच्या शेवटीं बिशप नेमणुकांची यादी वाचून दाखवी, आणि ज्याचें नांव ज्या गांवापुढें निघेल त्यानें बिऱ्हाड उचलावें. क्षेत्राध्यक्ष या कामीं केवळ सल्लागार. परंतु बिशप वर्षांतून एकदां यावयाचा. कोणता उपदेशक कोणत्या गांवीं टिकेल, कोणाची भाषा मराठी व कोणाची कानडी, कोठील मंडळींत फूट आहे, हें त्यास सांगणार कोण? क्षेत्राध्यक्षच. उलट खालच्या बाजूस, दर तीन महिन्यांनीं भरणाऱ्या सर्किटच्या सभेचें अध्यक्षपद त्याचें. तेथें स्थानिक उपदेशकांचे परवाने नवे करावयाचे, वर्गणीचा हिशेब घ्यावयाचा, तक्रारी ऐकावयाच्या. वर मत नाहीं आणि खालीं सर्व भार, अशी ही जागा आहे. आपल्याकडील उपमा द्यावयाची तर हा देशमुख नव्हे, कमाविसदार होय. त्याच्या अधिकारास वतन नाहीं, वारसा नाहीं. वरून आलेल्या आज्ञेनें तो बसतो व उठतो. परंतु कमाविसदार जसा देशमुख-पाटलांवांचून वसूल करूं शकत नसे, तसा हाही गांवच्या शिक्षक-उपदेशकावांचून पंगु होता.

या स्थितीचा साधनांवर काय परिणाम झाला, तो पाहणें हा आमचा मुख्य हेतु. वार्षिक परिषदेचीं जीं छापील कार्यवृत्तें आहेत त्यांत तीन प्रकारचा मजकूर असतो : क्षेत्राध्यक्षांचे वृत्तांत, नेमणुकांच्या याद्या व आंकड्यांचे तक्ते. अभ्यासक बहुधा वृत्तांतांवर तुटून पडतात, कारण ते वाचनीय असतात. परंतु हे वृत्तांत दोन श्रोत्यांसाठीं लिहिलेले आहेत : समोर बसलेला बिशप आणि समुद्रापलीकडचा देणगीदार. पहिल्यास कार्य व्यवस्थित चाललें आहे असें दाखवावयाचें, दुसऱ्यास कार्य वाढतें आहे व पैसा अपुरा आहे असें दाखवावयाचें. या दोन हेतूंच्या मधून जी सत्यता निसटून येते तेवढीच घ्यावयाची. लेखक प्रामाणिक नव्हते असें आम्ही म्हणत नाहीं. प्रामाणिक मनुष्यही ज्यास हिशेब द्यावयाचा त्याच्याच भाषेंत बोलतो.

नेमणुकांची यादी मात्र निरलंकार असते, आणि म्हणूनच ती अधिक बोलकी. तींत गांवाचें नांव, त्यापुढें माणसाचें नांव, बस्स. कित्येक ठिकाणीं माणसाचें नांव नसतें. ‘पुढें नेमावयाचा’ अशा अर्थाचा शेरा असतो. वरवर पाहणारा म्हणेल, तेथें कोणी नव्हतें. खरा अर्थ बहुधा उलट असतो : तेथें दीक्षित पाळक नव्हता, पण मंडळी होती. ती कोणी तरी परवान्यावरचा स्थानिक उपदेशक, शाळामास्तर किंवा बायबल-बाई सांभाळीत होती, आणि परिषदेच्या यादींत येण्याइतका त्या माणसाचा दर्जा नव्हता. एखाद्या सर्किटापुढें असा शेरा सलग चार-पांच वर्षें आढळला, तर तेथील मंडळी साहेबानें वाढविली हें म्हणणें टिकत नाहीं, आणि साहेबाच्या पैशानें उभी राहिली हेंही टिकत नाहीं. वर सांगितलेल्या दोन्ही पक्षांस उत्तर द्यावयास हा एक शेराच पुरेसा आहे.

आंकड्यांविषयींही सावधगिरी हवी. तक्त्यांत उमेदवार सभासद, पूर्ण सभासद आणि बाप्तिस्मा झालेलीं मुलें हे निरनिराळे रकाने असतात. त्यांची बेरीज करून ‘ख्रिस्ती लोकसंख्या’ काढणें, किंवा एका वर्षाचे पूर्ण सभासद दुसऱ्या वर्षाच्या बेरजेशीं ताडून ‘वाढ’ किंवा ‘घट’ ठरविणें, हा दोष सर्रास आढळतो. १८९९-१९०० च्या दुष्काळासारख्या काळानंतर उमेदवारांचा रकाना फुगला असल्यास त्याचा अर्थ दहा वर्षांनंतरचा पूर्ण सभासदांचा रकाना पाहिल्यावांचून लावूं नये. जे. वॉस्कम पिकेट यांच्या सामुदायिक धर्मांतरांवरील १९३३ च्या प्रसिद्ध ग्रंथाचें मुख्य प्रतिपादन असें कीं, मंडळीचा पुढील दर्जा मूळच्या हेतूंपेक्षां बाप्तिस्म्यानंतरच्या शिक्षणावर व उपासनेवर अधिक अवलंबून असतो. हें प्रतिपादन आम्हांस बव्हंशीं ग्राह्य वाटतें. मात्र त्याचा तार्किक शेवट ग्रंथकारानें पुरता गांठला नाहीं. शिक्षण व उपासना हीं जर निर्णायक, तर श्रेय व दोष दोन्हीही खेड्यांतील शिक्षकाकडे आणि त्यास नेमणाऱ्या-बदलणाऱ्या क्षेत्राध्यक्षाकडे जातात. १९३६ पासून पिकेट स्वतःच मुंबईस बिशप झाले. म्हणजे जो भार त्यांनीं ग्रंथांत खालच्यांवर टाकिला त्याचा वरचा टोंक त्यांच्याच हातीं आला.

या पंथाचे पहिले हिंदी बिशप जशवंतराव चितांबर हे मूळच्या महाराष्ट्रीय घराण्यांतील. त्यांची निवड होणें ही मोठी गोष्ट होती, आणि तिचा उल्लेख प्रत्येक लेखक करितो. परंतु नेतृत्व एतद्देशीयांच्या हातीं केव्हां आलें, या प्रश्नाचें उत्तर बिशपच्या आसनाकडे पाहून मिळत नाहीं. जिच्या सभासदांत अस्पृश्य मानलेल्या जातींचा भरणा, त्या मंडळीस त्याच लोकांमधला क्षेत्राध्यक्ष केव्हां मिळाला, हा खरा प्रश्न. आणि त्याचें उत्तर नेमणुकांच्या यादींत सांपडण्याजोगें आहे.

नांवावरून वस्तूची पारख करणें किती फसवें, हें १९७० सालीं दिसून आलें. त्या वर्षीं २९ नोव्हेंबरास नागपुरास उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी स्थापन झाली. तींत बिशप न मानणाऱ्या प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेच्या मंडळ्या बिशपपद स्वीकारून सामील झाल्या. आणि आरंभापासून बिशप मानणारी अमेरिकन परंपरेची मेथॉडिस्ट मंडळी ऐन वेळीं बाहेर राहिली. तिनें १९८१ सालीं ‘मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया’ या नांवानें स्वायत्तता घेतली, व तींत बिशप आणि सुपरिंटेंडेंट हीं दोन्ही पदें चालू आहेत.

शेवटीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. पुढें १९५६ त शीख व १९९० त बौद्ध यांचा समावेश झाला, ख्रिस्त्यांचा झाला नाहीं. त्यामुळें १९५० नंतर मंडळीच्या वहींत नांव असणें व नसणें यांस व्यावहारिक किंमत आली. वहींतील मौन हें श्रद्धेच्या अभावाचें लक्षण मानतां येत नाहीं, तसेंच सरकारी खानेसुमारीचा आंकडाही मंडळीचा आंकडा मानतां येत नाहीं. १९५६ सालच्या बौद्ध धर्मदीक्षेनंतर मराठवाड्यांतील त्याच वस्त्यांतून आणखी एक मोठा प्रवाह वाहिला. त्याचा विचार न करितां केवळ मंडळ्यांच्या घटीचा दोष एखाद्या क्षेत्राध्यक्षाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल.

तात्पर्य, क्षेत्राध्यक्ष हा या मंडळ्यांचा जनक नव्हे आणि मालकही नव्हे. तो दुवा होता, आणि दुव्याची परीक्षा दोन्ही टोकांवरून करावी लागते. वरचें टोक छापील कार्यवृत्तांत सुरक्षित आहे. खालचें टोक म्हणजे गांवोगांवच्या मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या वह्या, त्रैमासिक सभांचीं टिपणें, जुन्या शिक्षकांचे घरगुती कागद. यांस वाळवी व पावसाळा यांवांचून दुसरा वाचक लाभलेला नाहीं. नांदेड, देगलूर, उदगीर, लातूर येथील अभ्यासकांनीं वतनपत्रांसाठीं जशीं वाड्यांचीं माळवदें धुंडाळलीं, तशीं या लहान मंडळ्यांचीं कपाटेंही उघडवून घ्यावीं, नकला कराव्या, आणि त्या बिदर-हैदराबादच्या याद्यांशीं ताडून पाहाव्या. तसें झाल्यास ‘पुढें नेमावयाचा’ या शेऱ्याआड दडलेल्या माणसांचीं नांवें इतिहासास मिळतील. न झाल्यास वरिष्ठांनीं वरिष्ठांस लिहिलेला वृत्तांत हाच इतिहास म्हणून शिल्लक राहील.